खुंटा आणि खुंटी

जालना जिल्ह्यांतील परतूर तालुक्यांत आष्टी नांवाचें गांव आहे. या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक; त्यांपैकीं एक बीड जिल्ह्यांत तालुक्याचें ठिकाण म्हणून, तर दुसरें वर्धा जिल्ह्यांत १९४२ च्या चळवळीमुळें बहुतेकांस ठाऊक आहे. परतूरकडील आष्टीस असें कांहीं निमित्त लाभलेलें नाहीं. दुधना आणि गोदावरी या दोन नद्यांमधल्या काळ्या जमिनींत वसलेलें हें गांव १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यांत मोडत असे. त्या वर्षीं जालना जिल्हा निराळा झाला आणि परतूर तालुक्याबरोबर आष्टीहि तिकडे गेली. अशा गांवांतील जुन्या वळणाच्या शेतकऱ्याच्या घरीं, संध्याकाळीं रानांतून परतलेला माणूस दिवेलागणीपर्यंत काय काय करतो याची कोणी टिपणी ठेवली, तर एक गोष्ट सहज ध्यानांत येईल. तेवढ्या वेळांत त्याचा हात निदान दहा-बारा वेळां एखाद्या खुंट्यास नाहीं तर खुंटीस लागलेला असतो.

प्रथम तो गाडी सोडतो. जुंवाच्या टोकाजवळची शिवळ उपसली कीं बैलाची मान मोकळी होते. आणि शिवळ म्हणजे दुसरें कांहीं नसून एक सडपातळ खुंटीच. मोकळे झालेले बैल हांकावे लागत नाहींत. ते आपण होऊन गोठ्यांत जातात आणि प्रत्येक जण आपापल्या खुंट्यापाशीं उभा राहतो. दावें खुंट्यास अडकवलें, कासरा आणि चाबूक भिंतींतल्या एका खुंटीवर गेला, विळा दुसरीवर, डोकीचें पागोटें तिसरीवर. रात्रीं दाराला खिट्टी लागली कीं दिवस संपला. एवढी सारी कामें करणारी ही वस्तु मात्र कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. भाऊ वेगळे निघाले तर भांडीं मोजलीं जातात, गुरें वांटलीं जातात, एखाद्या पेटीवरून दहा वर्षें अबोला चालतो. परंतु खुंटीवरून भांडण जुंपल्याचें ऐकिवांत नाहीं. ती भिंतीबरोबर ज्याच्या वांट्यास गेली त्याची.

मराठी भाषेला लिंगावरून आकार सांगण्याची एक मौजेची खोड आहे. खुंटा म्हटला कीं तो जमिनींतला, दांडगा, जनावर बांधावयाचा. खुंटी म्हटली कीं ती भिंतींतली, आटोपशीर, वस्त्र टांगावयाची. खीळ हा शब्द संस्कृत ‘कील’ शब्दापासून आला, तर मेख फारसींतून. मेखेची सोयरीक शेतीपेक्षां तंबू, राहुट्या आणि घोडीं यांच्याशीं अधिक. घोड्याच्या तोंडाकडील दोर ती आगाडी आणि मागल्या पायांस बांधलेला दोर ती पिछाडी. दोन्ही मेखांस आंवळल्यावांचून घोडदळाचा तळ रात्रभर जागेवर राहत नसे, आणि त्या ठोकण्याचा लांकडी हातोडा तो मेखचू. ज्या आसई गांवापाशीं २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजांची इंग्रजांशीं गांठ पडली, तें गांव आज जालना जिल्ह्यांतच आहे. त्या लढाईच्या वर्णनांत तोफांची मोजदाद असते. मेखांची कोण करणार? पण मुक्काम पडे तो मेखांच्या आवाजानें आणि हले तोहि मेखा उपटूनच. भरधांव घोड्यावरून भाल्याच्या टोकानें जमिनींतली मेख उचलण्याचा खेळ सैन्यांत आणि पोलिसांत अजून खेळला जातो.

या उपकारकर्त्या वस्तूला भाषेनें मात्र फारसा न्याय दिलेला नाहीं. काम अडलें कीं त्याला ‘खीळ बसते’, करारांत लबाडी असली कीं तींत ‘मेख’ असते, वाढ थांबली कीं ती ‘खुंटते’, आणि शहाणा माणूस मूर्खासारखा वागला कीं त्यानें अक्कल ‘खुंटीला टांगलेली’ असते. बिचाऱ्या खुंटीचा यांत अपराध एवढाच कीं ती जागची हलत नाहीं. त्यांतल्या त्यांत दोन ठिकाणीं तिची बूज राखलेली दिसते. लग्नमांडवाचा पहिला खांब म्हणजे मुहूर्तमेढ. कोणत्याहि चांगल्या कार्याचा आरंभ आजहि त्याच शब्दानें सांगितला जातो. दुसरें ठिकाण म्हणजे ‘हलवून खुंटा बळकट करणें’ ही म्हण. शहरांतल्या माणसास ही म्हण उलटी वाटते, कारण हलवल्यानें खुंटा सैल होतो असा त्याचा अनुभव. तिचा अर्थ समजण्यासाठीं काळ्या मातीकडेच गेलें पाहिजे.

ही माती मोठी लहरी. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. उन्हाळ्यांत ती आंखडते आणि तिला हात जाईल अशा भेगा पडतात. मुरमाड जमिनींत एकदां ठोकलेला खुंटा वर्षानुवर्षें तसाच राहील, परंतु काळींत ठोकलेल्या खुंट्याचा भरंवसा ऋतूपुरताच. वैशाखांत त्याच्या भोंवतीं बोटभर फट पडते. आषाढांत त्याच मातीचा चिखल होऊन बैलानें मान झटकली तरी तो वर येतो. म्हणून जाणता शेतकरी दावें अडकवण्यापूर्वीं खुंटा हातानें चहूंकडे हलवून पाहतो. सैल लागला तर फटींत मुरूम किंवा विटेचे तुकडे भरून, टिपवून, दगडाचे चार घाव घालतो. हलवणें हें परीक्षेसाठीं, बळकटी त्यानंतरची. जो हलवून पाहत नाहीं, त्याचा बैल मध्यरात्रीं शेजाऱ्याच्या ज्वारींत सांपडतो आणि सकाळीं खुंट्याचें भांडण माणसांत येतें.

खुंटा ठोकण्यांतहि विद्या आहे. तो सरळ उभा ठोकीत नाहींत, तर जनावर ज्या बाजूस ओढणार तिच्या उलट बाजूस त्याचें डोकें किंचित कलतें ठेवतात. अशा कलत्या खुंट्यास ओढलें तर ती ओढ त्याला वर काढण्याऐवजीं त्याच्या पुढच्या मातीवर दाबली जाते. तंबूच्या मेखेचा नियमहि हाच. दाव्याची गांठ जमिनीलगत असावी लागते. ती वर सरकली तर बैलाच्या हातीं तरफ आली असें समजावें, आणि तरफेचा उपयोग करण्यास बैलाला शाळेंत जावें लागत नाहीं. लांकूड बाभळीचें किंवा खैराचें. दोन्ही कठीण, आणि खैराला वाळवी सहसा तोंड लावीत नाहीं. जमिनींत जाणारें टोक विस्तवांत धरून वरवर जाळण्याची चालहि वाळवीपायींच पडली. असा खुंटा गांवचा सुतार बलुत्यांत करून देई. त्याचे वेगळे पैसे मागण्याची रीत नव्हती. सुगींत खळ्यावर मिळणाऱ्या धान्यांत नांगर, तिफण, वखर यांच्या दुरुस्तीबरोबर खुंटेहि येऊन जात. त्या खळ्याच्या मध्यभागींहि खुंट्याचाच थोरला भाऊ उभा असे. कणसांवरून फिरणारी बैलांची पात ज्या खांबाभोंवतीं घुमे, तो तिवडा.

सुताराच्या हातची लांकडी खुंटी लोखंडी खिळ्याहून कांहीं बाबतींत सरस असते. खिळा गंजतो आणि आपल्याभोंवतींचें लांकूडहि कुजवतो. खुंटीचें तसें नाहीं. कसबी सुतार ती आधीं चांगली वाळवून घेतो, तिला गोल न ठेवतां किंचित पैलू ठेवतो, आणि मग भोंकांत ठोकतो. हवेंतली ओल लागतांच ती फुगते आणि सांधा आपोआप आंवळला जातो. जुन्या वाड्यांतील तुळया आणि खांब अशा सांध्यांवर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले. भिंतींतल्या खुंट्या तर भिंत उभी राहतांनाच बसवीत. म्हणून त्यांचें मूळ हातभर आंत असे आणि बाहेर दिसे तें वीतभर टोक. आष्टीकडच्या माळवदाच्या घरांत, जाड मातीच्या भिंतींत बसलेली अशी खुंटी धान्याचें पोतें अडकवलें तरी कुरकुरत नसे. बड्या घरांत कमळाच्या कळीसारखी कातलेली सागवानी खुंटी असे, आणि बैठकींत पागोट्यांसाठीं एका फळीवर ओळीनें खुंट्या बसवलेलें खुंटाळें. खुंटाळ्यावर कोणाचें पागोटें कोठें, हेंहि ठरलेलें असे.

बैलगाडीचें चाक आंखावर राहतें तें टोकाशीं घातलेल्या एका खिळीमुळें. ती पडली तर चाक निघतें, गाडी कलंडते. या बोटाएवढ्या वस्तूवर रामायण कसें लोंबकळलें आहे, हें कीर्तनकार फार रंगवून सांगतात. दशरथाच्या रथाची खीळ ऐन युद्धांत मोडली, तेव्हां कैकेयीनें त्या भोंकांत आपला हात घालून चाक सांवरलें आणि दोन वर मिळवले. वाल्मीकींनीं ही खिळीची गोष्ट सांगितलेली नाहीं; त्यांच्या कैकेयीनें मूर्च्छित राजाला रणांतून दूर नेलें एवढेंच. खीळ आली ती अध्यात्मरामायणासारख्या मागाहूनच्या ग्रंथांतून. परंतु ज्यांचीं चाकें रोज खिळीवर फिरत होतीं, त्या श्रोत्यांस तीच गोष्ट खरी वाटली यांत नवल नाहीं. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रांतली पहिली गोष्टहि खिळीचीच आहे. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यांतली पाचर उपटणारा वानर त्याच फटींत सांपडून प्राणास मुकला. पाचर आपल्या जागीं असते तोंवर ती काय काम करते हें त्याला दिसलें नव्हतें.

घरांतल्या स्त्रियांचा खुंटा तो जात्याचा. त्याच्या भोंवतीं दोघींचे हात पडत, आणि खालच्या तळींतल्या मधल्या खुंटाभोंवतीं वरची तळी फिरे. पहांटेच्या त्या फेऱ्यांबरोबर ज्या ओव्या म्हटल्या गेल्या, त्यांचा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनीं हातीं घेतला आणि एक लाखांहून अधिक ओव्या टिपल्या गेल्या. पिठाच्या गिरण्या गांवोगांव आल्यावर जातें कोपऱ्यांत गेलें. अजून लग्नघरीं हळद दळावयाची म्हणून तें बाहेर निघतें, त्याला हळकुंड-सुपारी बांधली जाते, पांच सुवासिनी खुंट्याला हात लावतात. त्यांतल्या तरुण मुलींना खुंटा कोणत्या हातानें धरावा हें सांगावें लागतें.

खुंटीनें जेथें खरी नजाकत मिळवली तें स्थळ म्हणजे तंबोरा. चार तारा, चार खुंट्या. खुंटीचें अंग मुळाकडे जाड आणि टोकाकडे निमुळतें असतें आणि ती भोंकांत केवळ घर्षणानें टिकते. तिला मळसूत्र नाहीं कीं अडणी नाहीं. तारेची ओढ तिला सारखी उलट फिरवूं पाहते. कोरड्या हवेंत लांकूड आंखडलें कीं खुंटी निसटते आणि मैफल भरांत असतां सूर उतरतो. पावसाळ्यांत ती इतकी आंवळते कीं फिरतां फिरत नाहीं. त्यावर खडू घासणें हा साधा उपाय. खुंटी पिळून सूर जवळपास आणावयाचा आणि मग घोडीपलीकडचा मणी केंसभर सरकवून तो नेमका लावावयाचा, अशी ही दोन पायऱ्यांची युक्ति. काळ्या मातींतला खुंटा आणि तंबोऱ्याची खुंटी यांचें दुखणें अशा रीतीनें एकच, म्हणजे ऋतु. मिरजेचे कारागीर हीं वाद्यें पिढीजात घडवीत आले आहेत आणि २०२४ सालीं तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. तबल्याच्या वाद्यांखालीं खोंवलेले आठ गठ्ठे हेहि खुंटीच्याच कुळांतले. ते हातोडीनें खालीं ठोकले कीं सूर चढतो.

याहून जुनें आणि बहुधा सर्वांत कमी खर्चाचें काम शंकूचें. सपाट जमिनीवर वर्तुळ काढावें, मध्यभागीं एक सरळ खुंटी उभी करावी, सकाळीं तिच्या सांवलीचें टोक वर्तुळाला जेथें शिवेल तेथें एक खूण आणि दुपारनंतर पुन्हां जेथें शिवेल तेथें दुसरी खूण करावी. दोन्ही खुणा जोडल्या कीं पूर्व-पश्चिम रेषा हातीं आली. यज्ञवेदी आंखणाऱ्या शुल्बसूत्रकारांजवळ हत्यारें होतीं तीं मुख्यतः दोनच, दोरी आणि खुंटी. पुढें भास्कराचार्यांनीं लीलावतींत बारा अंगुलांच्या शंकूच्या सांवलीवरून दिव्याची उंची काढण्याचीं गणितें घातलीं. तीं सोडवणाऱ्या विद्यार्थ्यापुढें असे ती घरांतल्या खुंटीएवढीच वस्तु, फक्त उभी केलेली.

शहरांत खुंटीचें रूप पालटलें. भिंती विटांच्या आणि मग सिमेंटच्या झाल्या. त्यांत खुंटी बांधकामाबरोबर बसवण्याची सोय राहिली नाहीं. भोंक पाडावें, त्यांत लांकडी गुट्टी ठोकावी आणि गुट्टींत खिळा किंवा मळसूत्र बसवावें, ही रीत आली. १९५८ सालीं जर्मनींत आर्तुर फिशर यांनीं नायलॉनची गुट्टी काढली. मळसूत्र शिरलें कीं ती आंतल्या आंत पसरते आणि भिंतीला धरते. वाळलेली खुंटी ओलीनें फुगून सांधा धरते, त्याच तत्त्वाचा हा निराळा अवतार. चाळीच्या सज्ज्यांत दोरीवरच्या कपड्यांना लावावयाचा स्प्रिंगचा चिमटा याहून जुना. त्याचें एकस्व अमेरिकेंत १८५३ सालींच घेतलें गेलें. भाड्याच्या घरांत मात्र खुंटी हा आजहि नाजूक विषय आहे. घरमालक सर्व सोसतो, परंतु भिंतीला भोंक पाडलेलें त्याला सोसत नाहीं. गांवांत घराबरोबर खुंटी येई. शहरांत खुंटी ठोकण्याची परवानगी मिळाली म्हणजे घर आपलें झालें.

आष्टीसारख्या गांवांतहि आतां पत्र्याचीं आणि स्लॅबचीं घरें झालीं आहेत, आणि अंगणांत पुष्कळ ठिकाणीं ट्रॅक्टर उभा दिसतो. त्याला दावें लागत नाहीं. २०१९ च्या पशुगणनेंत देशांतील देशी गुरांची संख्या २०१२ पेक्षां सुमारें ६ टक्क्यांनीं घटलेली आढळली. परंतु मराठवाड्यांत खुंटा रिकामा पडण्याचें कारण नेहमींच यंत्र नसतें. १९७२ च्या दुष्काळांत वैरण संपली तेव्हां लोकांनीं बैल मिळेल त्या किमतीस विकले. पुष्कळांचे दावणीलाच गेले. २०१२-१३ सालीं जालना जिल्हा पुन्हां होरपळला. बीड, उस्मानाबाद (आतां धाराशिव), अहमदनगर, सोलापूर या बाजूंस सरकारी मदतीनें चारा छावण्या उघडल्या. उघड्या माळावर ओळीनें खुंटे ठोकलेले, प्रत्येक खुंट्याला एक जनावर, आणि जनावराशेजारीं गोणपाट अंथरून त्याचा मालक किंवा मालकीण. महिनोन्‌महिने माणसांनीं आपला संसार खुंट्यापाशीं मांडला. ज्यांना छावणी जवळ नव्हती किंवा ज्यांच्या हातांत पैसा उरला नव्हता, त्यांनीं बाजाराची वाट धरली.

असा माणूस बाजारांतून परततो तेव्हां त्याच्या खांद्यावर नुसतें दावें असतें. जनावराबरोबर दावें देऊं नये असा अनेकांचा कटाक्ष असतो. तें तो भिंतींतल्या खुंटीवर टांगतो आणि गोठ्याकडे पाहत नाहीं. घरांतलीं माणसेंहि त्या संध्याकाळीं तिकडे जात नाहींत. खुंटा मात्र कोणी उपटीत नाहीं. त्याच्याभोंवतींची माती बैलाच्या खुरांनीं तुडवून वाटोळी खोलगट झालेली असते, आणि एका बाजूस मानेच्या घांसण्यानें लांकूड गुळगुळीत झालेलें असतें. कोंबड्या तेथें उकरतात. फार तर एखादी शेळी तेथें बांधली जाते. दुसरा कोणी सोयीसाठीं त्याला कपड्यांची दोरी बांधूं लागला तर घरांतली म्हातारी ती सोडावयास लावते.

पाऊस चांगला झाला, हातांत चार पैसे आले, म्हणजे पोळ्याच्या आधीं नवा बैल येतो. घरधनीण त्याच्या पायांवर पाणी घालते, भाकरीचा तुकडा देते. आदल्या दिवशींची खांदमळणी त्याच्या वांट्यास येते, झूल आणि बाशिंग चढतें, मारुतीच्या पारापर्यंत तो मिरवून येतो. परंतु रात्रीं त्याला जुन्या खुंट्यास बांधलें कीं तो स्वस्थ राहत नाहीं. त्याला दुसऱ्या गांवचा, दुसऱ्या गोठ्यांतला खुंटा ठाऊक असतो. तो दाव्याला हिसके देतो, मागें सरतो, हंबरतो. म्हणून पहिले आठ दिवस मालक गोठ्यांतच बाज टाकतो. मधूनच उठतो, कंदील किंवा हल्लींचा हातांतला दिवा खालीं धरतो आणि ओल्या मातींतला खुंटा हलवून पाहतो.